टँकर उलटला, वायू सुटला तर...



नळदुर्ग-उमरग्यावरून जाणाऱ्या हमरस्त्यावर रसायनांचे टँकर असतात. एखादा उलटला तर बघायला धावू नका. १९८४ च्या २-३ डिसेंबरच्या रात्री भोपाळला वायू वाऱ्याबरोबर वस्तीत शिरला. हजारो माणसं दगावली.

उपणताना भुसा कुठं जातो ते आपण बघतोच. तसाच मूठभर माती उधळून वारा ओळखा. वायूच्या पुढं पळू नका. वाऱ्याला आडवं, लांब जा. क्लोरीन हवेपेक्षा जड, ओढ्या-खड्ड्यात साचतो. तिथं लपू नका. नाकातोंडाला ओलं फडकं धरा. निघता येत नसेल तर घरात शिरून दारं-खिडक्यांच्या फटी बुजवा. डोळे चुरचुरले तर चोळू नका, पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. लांब गेल्यावर ११२ ला फोन करा.

दावणीच्या जनावरांसाठी मात्र मागं फिरू नका. आपण वाचलो तर गोठा पुन्हा भरेल.