दोन घरचा पाहुणा

अँड्रॉइड आणि आयओएस ही मोबाइलच्या जगातील दोन निरनिराळी घराणी होत. एकाची भाषा दुसऱ्यास चालत नाही. म्हणून एकच अ‍ॅप दोनदा लिहावे लागते. हा दुहेरी व्याप टळावा या हेतूने फेसबुकने २०१५ साली रिअ‍ॅक्ट नेटिव्ह खुले केले, आणि गूगलच्या फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती २०१८ च्या डिसेंबरात आली. कोऱ्या जागेवर नवे अ‍ॅप उभारणाऱ्यास ही साधने सोयीची. कसोटी लागते ती नांदत्या घरात हा पाहुणा आणून बसविताना.

एअरबीएनबी या अमेरिकन कंपनीने २०१६ मध्ये आपल्या चालत्या अ‍ॅपात रिअ‍ॅक्ट नेटिव्ह घेतले आणि जून २०१८ मध्ये ते सोडत असल्याचे जाहीर केले. त्यांच्या अभियंत्यांनी दिलेली कारणे मननीय आहेत. उत्तम फोनवरही ही यंत्रणा प्रथम जागी होण्यास कित्येक सेकंद लागत. त्यामुळे अ‍ॅप उघडताच दिसणारी स्क्रीन तिच्या हाती देणे जवळजवळ अशक्य होते. शिवाय दोन शाखांची एक होण्याऐवजी तीन झाल्या. एखादा दोष जावास्क्रिप्टमध्ये दिसे आणि त्याचे मूळ पलीकडच्या भाषेत निघे. गंमत अशी, की त्याच अभियंत्यांपैकी ६३ टक्के लोक पुन्हा संधी मिळती तर हेच साधन निवडणार होते! पाहुणा कोणाला नकोसा नव्हता; त्याची सरबराई मात्र झेपेना.

फ्लटर बसविण्याची शहाणी रीत म्हणजे त्याचे स्वतंत्र मॉड्यूल करावे, अँड्रॉइडसाठी एएआर व आयओएससाठी फ्रेमवर्क अशी त्याची बांधणी आधीच उरकावी आणि मूळ अ‍ॅपाने ते एखाद्या लायब्ररीप्रमाणे जोडून घ्यावे. मग ज्यांना डार्ट भाषेशी कर्तव्य नाही, त्यांच्या संगणकावर फ्लटर नसले तरी अडत नाही. इंजिन मात्र बरोबर येतेच, आणि अ‍ॅपचा आकार वाढतो. ते आयत्या वेळी सुरू केले तर वापरणारा कोऱ्या पडद्याकडे पाहत बसतो. आधीच सुरू करून ठेवले तर मेमरी अडून राहते.

रिअ‍ॅक्ट नेटिव्हनेही २०२४ पासून, ०.७६ या आवृत्तीत, जुन्या पुलाची गरज न उरणारी नवी रचना रूढ केली आहे. पण ‘मागे’चे बटण दाबल्यावर कोणी उत्तर द्यावे, लॉगिनची माहिती कोणाच्या ताब्यात राहावी, हे कोणतीही आवृत्ती ठरवून देत नाही. ते यजमानानेच, पहिली स्क्रीन लिहिण्यापूर्वी ठरवावयाचे असते.