हिमानें कोंडलेलें अतिथिगृह

परस्परांस अनोळखी अशीं कांहीं माणसें एका छपराखालीं जमवावीं आणि निसर्गाकडून बाहेरचें दार लावून घ्यावें, ही रहस्यकथेची जुनी युक्ति आहे. अ‍ॅगाथा ख्रिस्ती या इंग्रज लेखिकेनें ती ज्या नाटकांत योजिली, त्याचा जन्म नभोवाणीवर झाला. राजमाता मेरी यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त बी. बी. सी.नें ३० मे १९४७ रोजीं बाईंची एक छोटी श्रुतिका ध्वनिक्षेपित केली. त्याच वर्षीं जानेवारीपासून मार्चपर्यंत इंग्लंडांत हिमवर्षावाचा कहर झाला होता. रस्ते बुजणें, खेडीं तुटणें हा श्रोत्यांचा ताजा अनुभव होता. पुढें १९५२ सालीं 'द माउसट्रॅप' या नांवानें ही कथा लंडनच्या रंगभूमीवर आली.

एक तरुण जोडपें आपल्या जुन्या वाड्यांत अतिथिगृह उघडतें. पाहुणे येतात, हिम सांचतें, टेलिफोन बंद पडतो. अशा वेळीं लांकडी पट्ट्या पायांस बांधून, बर्फावरून घसरत एक पोलीस अधिकारी येतो. लंडनमध्यें नुकत्याच झालेल्या खुनाचा या घराशीं संबंध असल्याचें तो सांगतो. त्या खुनाचें मूळ असतें पूर्वीं जवळच्याच एका शेतावर तीन निराधार भावंडांच्या झालेल्या छळांत. त्यांतलें एक मूल दगावलेलें असतें. भावंडांना तेथें धाडणारी दंडाधिकारीण याच पाहुण्यांत बसलेली असते!

या कथानकास सत्याचा आधार आहे. जानेवारी १९४५ मध्यें श्रॉपशायर परगण्यांतील एका शेतावर डेनिस ओ'नील हा बारा वर्षांचा मुलगा उपासमार व मारहाण सोसून मरण पावला. सरकारी व्यवस्थेनेंच त्याला तेथें सांभाळावयास ठेविलें होतें. देखरेखींतील ढिलाई चौकशींत उघड झाली, लोकमत खवळलें, आणि १९४८ च्या बालकांविषयींच्या कायद्यास त्यामुळें चालना मिळाली.

म्हणूनच 'खुनी कोण?' या प्रश्नामागें दुसराही एक प्रश्न उभा राहतो: मुलांचे हाल होत असतां मोठीं माणसें काय करीत होतीं? एरव्हीं अशा प्रश्नापासून दूर निघून जातां येतें. हिमानें वाट अडविल्यावर तें साधत नाहीं.

मार्च २०२० मध्यें महामारीनें खंड पाडीपर्यंत या नाटकाचे प्रयोग अखंड चालले. मे २०२१ मध्यें ते पुन्हां सुरू झाले. खुन्याचें नांव बाहेर सांगूं नये, अशी विनंती प्रयोगाच्या अखेरीस प्रेक्षकांस केली जाते. त्या नांवाचें रहस्य राखावें हें योग्यच; पण ज्याच्या मरणांतून हें नाटक सुचलें, त्या मुलाचें नांव अवश्य सांगावें.