तिकिटावरचे साडेतीन तास

समजा, ऐन उन्हाळ्यात पहाटे ४ वाजता दिल्लीहून निघालेले विमान सोळा तास उडून सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. तिथल्या घड्याळात किती वाजले असतील? त्याच दिवशीचे सकाळचे साडेसात! तिकीट पाहणाऱ्याला वाटावे, अमेरिका अवघ्या साडेतीन तासांवर आली. पण तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. कॅलिफोर्नियाचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेबारा तास मागे असते, हिवाळ्यात साडेतेरा.

मग अंतरावरून तास काढावेत का? पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणली, तर या दोन विमानतळांमधले अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. विमान मात्र दोरीवरून जात नाही. एअर इंडियाची या मार्गावरची थेट सेवा २०१५ च्या डिसेंबरात सुरू झाली. तेव्हा विमान अटलांटिकवरून जाई. वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची आणि प्रवास सोळा तासांच्या आसपास. २०१६ च्या ऑक्टोबरात तेच विमान उलट्या दिशेने, पॅसिफिकवरून नेले. वाट झाली १५,३०० किलोमीटर, आणि वेळ लागला साधारण साडेचौदा तास! चौदाशे किलोमीटर जास्त, तरी प्रवास दीड तासाने कमी.

ही किमया वाऱ्याची. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. होडीला प्रवाहाची साथ मिळावी, तसे ते पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला पुढे नेतात आणि समोरून येणाऱ्याला अडवतात. पृथ्वी खालून फिरते म्हणून वेळ वाचतो, हा मात्र गैरसमज आहे. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरत असते.

वाऱ्याइतकेच राजकारणही वाट बदलते. २०१९ मध्ये काही महिने, आणि पुन्हा २०२५ च्या एप्रिलपासून, पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना वळसा पडला, इंधन वाढले, तास वाढले.

हे सारे सांगायचे कारण घरगुती आहे. मुलांकडे निघालेल्या आपल्या आईवडिलांपैकी अनेकांना मधुमेह असतो. पहाटे इन्सुलिन घेतलेला माणूस उतरताना घड्याळ पाहतो. तिथे सकाळ असते, पण शरीराच्या हिशेबी सोळा तास उलटलेले असतात. औषधाची, जेवणाची वेळ घड्याळावर सोडली तर घोटाळा होतो. म्हणून निघण्यापूर्वी एका कागदावर प्रवासाचे खरे तास लिहा, मधल्या विमानतळावर थांबायचे असेल तर तेही तास त्यात धरा, आणि तो कागद डॉक्टरांना दाखवून वेळा ठरवून घ्या. औषधे मात्र हातातल्या पिशवीतच ठेवा.