पूर्वग्रह : भाकरीच्या पलीकडचा प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



दारिद्र्य आणि विषमता नष्ट झाली की जातिद्वेष व धर्मद्वेष आपोआप विरून जातील, अशी एक समजूत आपल्या चळवळीत दीर्घकाळ वावरत आली आहे. तिला शास्त्रीय आधार अगदीच नाही असे नव्हे. अमेरिकेतील येल विद्यापीठातील जॉन डॉलर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ साली असा सिद्धान्त मांडला की, माणसाच्या इच्छेच्या वाटेत अडथळा आला म्हणजे वैफल्य येते आणि वैफल्यातून आक्रमकता जन्मते. ज्याच्यामुळे वैफल्य आले तो हाताबाहेरचा असला, तर राग हाताशी असलेल्या दुर्बळावर निघतो. बेकार तरुणांच्या रोषाला अल्पसंख्याकांच्या वस्तीकडे वळवले जाते तेव्हा हे विवेचन पटते. परंतु ते पुरेसे आहे काय?

हेन्री ताजफेल हे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रेंच सैन्यात होते आणि जर्मनांचे युद्धकैदी झाले. सुटून आले तेव्हा त्यांच्या आप्तांपैकी जवळजवळ कोणीच उरले नव्हते. पुढे त्यांनी ब्रिस्टल येथील शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग १९७० साली प्रसिद्ध झाले. क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांपैकी कोणाची चित्रे आवडली, एवढेच निमित्त सांगून मुलांचे दोन गट पाडण्यात आले. मग प्रत्येकाने इतर दोन अनामिक मुलांमध्ये गुण वाटायचे होते. त्या गुणांचे पैसे होणार होते. पण वाटणाऱ्याला स्वतःला त्यातून काही मिळणार नव्हते. मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले, हे समजण्यासारखे आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने थबकावे असे पुढेच आहे. आपल्या गटाला अधिक रक्कम मिळवून देणारा पर्याय समोर असतानाही, दुसऱ्या गटाहून अंतर वाढते म्हणून कमी रकमेचा पर्याय घेण्याकडे मुलांचा कल दिसला. प्राप्तीपेक्षा वरचढपणा त्यांना मोलाचा वाटला.

याची साक्ष मुंबईच्या गिरण्यांनी कितीतरी आधी दिली होती. कताई खात्यात अस्पृश्य कामगारांना काम मिळे, पण अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात मज्जाव असे. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याचे ओठ लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. मालक एक, चाळीतली हलाखी सारखी. तरीही धोट्यापाशी येऊन वर्ग थांबत होता आणि जात सुरू होत होती. १९२८च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला, तो कामगारांची एकजूट कशावर उभी राहणार हे विचारणाराच होता. म्हणून समान दारिद्र्यातून बंधुभाव आपोआप उपजतो, असे मानता येत नाही.

मग तो उपजतो कशातून? मुझफ्फर शेरीफ या तुर्की मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचे शिबिर भरवले. दोन गट पाडून बक्षिसांच्या स्पर्धा लावताच थोड्याच दिवसांत शिव्याशाप, झेंडे जाळणे, मारामारी हे सारे झाले. नंतर त्यांना एकत्र जेवू घातले, चित्रपट दाखवला; तर भांडण वाढलेच. वैर निवळू लागले ते शिबिराचे पाणी बंद पडल्यावर आणि बंद पडलेला ट्रक सर्वांनी मिळून दोराने ओढल्यावर. याच शेरीफ यांचा आदल्या वर्षीचा एक प्रयोग फसला होता, आणि ते अपयश अधिक बोलके आहे. तेथे मुलांची आधी मैत्री झाली होती, नंतर गट पाडले गेले. चिथावणी देऊनही मुले एकमेकांवर उलटली नाहीत.

१९५४ सालीच गॉर्डन ऑलपोर्ट यांनी नुसत्या सहवासाला अटी घातल्या : दर्जा समान हवा, उद्दिष्ट समान हवे, काम सहकार्याचे हवे आणि कायद्याचा व संस्थांचा पाठिंबा हवा. वर्षातून एकदा होणाऱ्या सहभोजनात यांपैकी किती अटी पुऱ्या होतात, हे आपण स्वतःला विचारावे. बाबा आढावांच्या पुढाकाराने १९७०च्या दशकात चाललेल्या ‘एक गाव एक पाणवठा’ या चळवळीचे मोल येथे कळते. तिने पाण्यासारख्या रोजच्या गरजेवर समान हक्क मागितला.

प्रेमाविषयीही हेच म्हणता येईल. फेस्टिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० साली विद्यार्थ्यांच्या एका वसाहतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मैत्री प्रामुख्याने शेजारच्या दारांशी जुळत होती. आकर्षण ही निव्वळ मनाची लहर नसते. कोण कोणाच्या दृष्टीस पडेल हे घरांची मांडणी ठरवते. आपल्या गावांची मांडणी जातीने केली आहे. भारतात आजही शंभरात पाच-सहाच विवाह आंतरजातीय असतात, यात नवल ते काय? डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरील न झालेल्या भाषणात आंतरजातीय विवाहाला खरा उपाय म्हटले, आणि त्याआड येणाऱ्या शास्त्रांच्या अधिकारावरही घाव घातला. ज्या समाजात ओळखच होऊ दिली जात नाही, तेथे प्रेमाला संधी मिळत नाही. आणि मिळालीच, तर त्या जोडप्याच्या जिवावर बेतते.

यातून भाकरीचा लढा दुय्यम ठरवा, असे कोणी काढू नये. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी मुंबईत एकत्र संप केला. समान संकटाला समान दर्जाने भिडता येते, हे त्या दिवशी दिसले. तथापि एका दिवसाच्या संपाने अनेक शतकांची सवय मोडत नाही. त्यासाठी रोज चालणारे काम हवे : पाण्याची समिती, सहकारी दुकान, मुलांचे वाचनालय, शिबिराचे स्वयंपाकघर. आणि अशा प्रत्येक कामात हिशेबाची वही, चुलीजवळची जागा व सभेचे अध्यक्षपद कोणाकडे जाते, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. दंगल पेटल्यावर शांतिफेरी काढणे आवश्यकच आहे. पण तिच्यात चालणारी माणसे दंगलीच्या आधीपासून एकमेकांना नावाने ओळखत असली पाहिजेत. ती ओळख घडवणे, हेच तुमचे आजचे राजकारण आहे.