हिरडीतून येणारे रक्त

निरोगी हिरडीतून दात घासताना रक्त येत नाही, आणि ज्या हिरडीतून ते वरचेवर येते ती सुजलेली असते, एवढी साधी गोष्ट अजूनही पुष्कळ घरांत पोहोचलेली नाही. चूळ तांबूस दिसली की ब्रश लागला असे समजून त्या बाजूला ब्रश फिरवणेच बंद केले जाते. पण ती जागा मुळात अस्वच्छ राहिल्यामुळेच सुजलेली असते, त्यामुळे ब्रश थांबला की सूज वाढते, सूज वाढली की रक्त अधिक येते, आणि ब्रशची भीती खरीच होती असे वाटू लागते. दात दुखत नसल्याने दंतवैद्याकडे जाण्याचे कारणही दिसत नाही.

विकाराचे मूळ दातांवर साचणाऱ्या चिकट, पांढुरक्या थरात असते. त्याला प्लाक म्हणतात. प्लाक म्हणजे अन्नाचे चिकटलेले कण नव्हेत. लाळेतील प्रथिनांचे पातळ पटल दातावर बसते आणि त्यावर जिवाणू आपली दाट वस्ती बांधतात. म्हणून हा थर नुसत्या चुळीने सुटत नाही, घासूनच काढावा लागतो. तो तसाच राहिला तर लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात मुरून काही दिवसांतच तो टणक होऊ लागतो, आणि मग त्याला कीटण म्हणतात. लाळग्रंथींच्या नळ्या जेथे तोंडात उघडतात तेथे, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या अंगाला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला, कीटण विशेष चढते, आणि चढलेले कीटण घरच्या ब्रशने निघत नाही.

प्लाक आणि हिरडीची सूज यांचा कार्यकारणसंबंध हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील आर्हुस येथे केलेल्या, 1965 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने स्पष्ट केला. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांनी दात घासणे पूर्ण बंद केले, तेव्हा 10 ते 21 दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्यांना दाह झाला. घासणे पुन्हा सुरू होताच साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. या प्रयोगातील दुसरा भाग पहिल्यापेक्षा अधिक मोलाचा आहे, कारण रक्त येण्याच्या टप्प्यावर असलेला विकार पूर्णपणे परतवता येतो हे त्यातून दिसले.

त्यापुढचा टप्पा मात्र तसा नाही. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक अरुंद खाच असते व तिची खोली सामान्यतः 1 ते 3 मिलिमीटर असते. दाह खोल गेला की हिरडीची दाताशी असलेली बांधणी सुटते, खाचेचा खिसा होतो, आणि दाताला धरून ठेवणारे जबड्याचे हाड झिजू लागते. यालाच परिदंतदाह, किंवा लोकांच्या बोलण्यातला पायरिया म्हणतात. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. सूज सगळ्यांचीच या टप्प्यावर जाते असे नाही. श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांतील 480 मजुरांची 1970 पासून 15 वर्षे पाहणी झाली. दात स्वच्छ करण्याची रीत त्यांच्यात नव्हती आणि प्लाक सर्वांच्याच दातांवर होता, तरी सुमारे 8 टक्के मजुरांत हाड फार वेगाने झिजले, बहुतेकांत मध्यम गतीने, तर सुमारे 11 टक्क्यांत विकार हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. शरीराची प्रकृती आणि आनुवंशिकता यांचा वाटा यात मोठा असतो; म्हणून ज्यांच्या आईवडिलांचे दात तरुणपणीच हलू लागले होते त्यांनी स्वतःच्या हिरड्या अधिक जपाव्यात.

उपचाराचा पाया म्हणजे दंतवैद्याकडून हिरडीच्या वरचे आणि खिशातले कीटण काढून घेणे. त्याला स्केलिंग म्हणतात, आणि त्याने दात हलू लागतात हा समज फार हानी करतो. दातांमधल्या फटी कीटणाने बुजलेल्या असतात, हिरडी सुजेने फुगलेली असते. कीटण निघाले व सूज ओसरली की आधीच झालेली झीज उघडी पडते, जीभ फटीत जाते, गार पाणी काही दिवस झोंबते. हानी स्केलिंगने केलेली नसते, ते तिच्यावरचे झाकण काढते. नंतर काही आठवड्यांनी खिशांची खोली पुन्हा मोजली जाते, आणि ज्या जागा खोलच राहिल्या असतील तेथे हिरडी उचलून मुळे साफ करण्याची लहान शस्त्रक्रिया करावी लागते. कीटण न काढता केवळ प्रतिजैविकांच्या गोळ्या घेतल्याने हे काम होत नाही.

घरी दोन वेळा, त्यातही रात्री झोपण्यापूर्वी न चुकता, मऊ ब्रशने घासावे. ब्रश हिरडीच्या कडेवर साधारण 45 अंशांत तिरका टेकवून हलक्या हाताने फिरवावा. दोन दातांच्या मध्ये ब्रश पोहोचत नाही, तेथे दोरा किंवा फटी रुंद असल्यास बारीक ब्रश वापरावा. राखुंडी, विटेची भुकटी किंवा जाडे मीठ जोराने चोळल्यास दाताची झीज होते आणि हिरडी खाली सरकते.

मधुमेहाचा येथे वेगळा विचार करावा लागतो, कारण संबंध दुहेरी आहे: रक्तातील साखर आटोक्यात नसली तर हिरड्यांचा विकार बळावतो, आणि हिरड्यांचा दाह साखर आटोक्यात आणणे कठीण करतो. गरोदरपणी संप्रेरकांमुळे हिरड्या लवकर सुजतात, तेव्हाही दात घासणे सोडू नये. उपचारानंतरही रक्त थांबत नसेल तर रक्ताची तपासणी करून घ्यावी, कारण क्वचित मूळ कारण रक्ताच्या आजारात असते.

महाराष्ट्रातील अनेक घरांत, विशेषतः स्त्रियांत, तंबाखू तव्यावर भाजून केलेली मशेरी दातांना लावण्याची सवय आहे. तिने दात बळकट होतात ही समजूत पिढ्यानुपिढ्या चालत आली आहे; प्रत्यक्षात ती हिरडीला इजा करते, व्यसन लावते आणि मुखकर्करोगाचा धोका वाढवते. विडी-सिगारेटच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून विकार असूनही रक्त कमी येते, त्यामुळे आत हाड झिजत असताना बाहेर काहीच दिसत नाही. विडी सोडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्त उलट अधिक येऊ लागते. ते विडी सोडल्यामुळे झालेले नुकसान समजून पुन्हा विडी पेटवू नये, मऊ ब्रशने घासणे चालू ठेवून त्याच आठवड्यात दंतवैद्याला हिरड्या दाखवाव्यात.