आधी बोली, मग पडदा



यवतमाळ जिल्ह्यातील झरी-जामणी, केळापूर, मारेगाव या तालुक्यांतील कोलाम पोडांवर मुलाची पहिली भाषा कोलामी असते. पाठ्यपुस्तक मात्र प्रमाण मराठीत. अशा वर्गात नुसता संगणक आणि पडदा आणून काय साधणार? न कळलेला शब्द यंत्राने मोठ्याने उच्चारला, तरी तो न कळलेलाच राहतो.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तक मुलांना कळण्यातला अडसर ओळखला.   मग पहिली ते चौथीची पुस्तके त्यांनी मुलांना समजतील अशी सिद्ध केली आणि क्यूआर कोडच्या साहाय्याने कविता, गोष्टी, पाठ त्यांना जोडले. २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

यातील क्रम महत्त्वाचा आहे : आधी मूल, मग भाषा, शेवटी यंत्र. पोडावरील आजीची कोलामी गोष्ट भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करून मराठी धड्याशेजारी ऐकविणे अवघड नाही. परंतु आजीच्या अंगणात जाऊन बसायचे, ते गुरुजींनीच. ते काम कोणतेही यंत्र करणार नाही.