आशाताईंचा आवाज आणि आमच्या घरची कॅसेट

(उत्सवातील व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



गणपतीपुढे विद्वानांनी बोलावे, ही आपल्या घाटाची रीत. मी पडलो डिप्लोमावाला, नोकरी सिग्नल व दूरसंचार खात्यात. गाण्यातले मला फारसे कळत नाही. पण तारेतून गेलेल्या आवाजाचे काय होते, ते पोटासाठी शिकावे लागले. साध्या टेलिफोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे पोचतो. म्हणून फोनवरची बहीण जरा वेगळीच वाटते. बहीण तीच असते.

गेल्या वर्षी मखर बांधताना वाद निघाला, की आशाताई भोसल्यांचा खरा आवाज कुठला? एक काका म्हणाले, 'नया दौर'मधला. पुढचे सगळे यंत्राचे. माझे ऑफिसातले मित्र म्हणाले, 'रंगीला'. पहिला चित्रपट १९५७ चा, दुसरा १९९५ चा, आणि तेव्हा आशाताई बासष्ट वर्षांच्या! वाद आरतीपर्यंत मिटला नाही. त्याचे उत्तर द्यायला आज उभा आहे.

आशाताई 'माझं बाळ' या मराठी चित्रपटासाठी पहिल्यांदा गायल्या ते साल १९४३. त्या काळी सगळा वाद्यवृंद आणि गायिका एकाच वेळी ध्वनिमुद्रित होत. एक व्हायोलिनवाला चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. 'महल'मध्ये (१९४९) लताबाईंचा आवाज दुरून जवळ येतो ना, तो कुठल्या बटणाने नाही; त्या गात गात मायक्रोफोनकडे चालत आल्या होत्या. त्यातून लाखेच्या तबकडीवर बारीक तपशील कमीच उतरायचे आणि खरखर जास्त. त्यामुळे काकांना आवडणाऱ्या त्या धारदार आवाजात थोडा वाटा तबकडीचाही आहे. यंत्र तेव्हाही होतेच, काका!

पण सगळे श्रेय यंत्राला देऊ नये. 'तीसरी मंझिल' (१९६६) आणि 'कारवां' (१९७१) यांत राहुल देव बर्मन यांच्याकडे आशाताईंचा श्वाससुद्धा गाण्याचा भाग झाला. मायक्रोफोन जवळ असला की कुजबूजही वाद्यांवर ठेवता येते, हे खरे. पण ती कुजबूज सुरात करायला गळाच लागतो. 'उमराव जान'साठी (१९८१) खय्यामसाहेबांनी त्यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावले. तो भरदार आवाज वयाचा नव्हे, ठरवून घेतलेला. त्यालाच राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पुढे अनेक ट्रॅकांचे मुद्रण आले. वादक एका दिवशी, गायिका दुसऱ्या दिवशी, कानाला हेडफोन. १९९७ साली ऑटो-ट्यून आले, म्हणजे चुकलेला सूर संगणकाने सरळ करायचा. तो शोधणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या शोधासाठी जमिनीतून परतणाऱ्या लहरींचे गणित करीत. आमच्याच बिरादरीतले! मी याला फसवणूक म्हणत नाही, पण तेव्हापासून निर्दोष सूर ऐकला की मी लगेच मान डोलवत नाही.

आता घरची गोष्ट. १९८९ च्या गौरींना आईच्या आरत्या आणि मंगळागौरीची गाणी टेप केली. बत्ती गेलेली, टेपरेकॉर्डर सेलवर, आणि तो धरून बसलेला मी, नऊ वर्षांचा. आई गेल्यावर ती कॅसेट आमची ठेव झाली. तिच्यात आईचा आवाज किती कोवळा, असे सगळे म्हणत.

मागच्या दिवाळीत मी ती संगणकावर उतरवायला घेतली. तिच्यात घरचीच पेटी वाजते. आई नेहमी पांढरी पाचमध्ये गायची. कॅसेटशी जुळली ती काळी चार. उलगडा सोपा आहे. सेल उतरलेले, म्हणून टेप भरताना हळू फिरली. नीट यंत्रावर लावली की जलद पळते. वेग सहा टक्के वाढला की सूर पेटीवरच्या शेजारच्या पट्टीवर जातो. पस्तीस वर्षे आम्ही आईला सहा टक्के तरुण ऐकत होतो.

मी वेग दुरुस्त केला. आवाज खाली आला, जड झाला. त्या वर्षी आईची तब्येत बरी नव्हती, ते त्यात ऐकू आले. पुण्याला ताईला पाठवली, तर रात्री तिचा फोन. "ही आई नाही रे. जुनीच पाठव." मी पेटीचे गणित सांगू लागलो, तिने फोन ठेवला.

तिला जुनी पाठवली. मी दुरुस्त केलेली ऐकतो. तिसऱ्या आरतीनंतर आई खोकते, ते तिच्यात नीट कळते. काकांनी दोन्ही ऐकल्या आणि पहिल्यांदाच काही बोलले नाहीत.

ज्यांच्या घरी अशा कॅसेटी असतील त्यांनी संध्याकाळी सातनंतर माझ्याकडे यावे. त्या गाण्यात वाजलेली पेटी घरात असेल तर तीही उचलून आणावी. मात्र जुनी प्रत मी पुसणार नाही, एवढे आधीच सांगतो.

गणपती बाप्पा मोरया!